आधी कारण सांगा

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, तिथे त्याचं काही धड होत नाही, तो गावी परत येतो. या कादंबरीवर मराठीत किती लिहिलं गेलं याला गणती नाही. अस्तित्ववाद झाला, परात्मता झाली, भाषाशैली झाली. पांडुरंगचं लग्न झालेलं नाही, या मुद्द्यावर कुणी समीक्षालेख पाडल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही. तसं करावं हे कुणाला सुचणारही नाही. त्याचं एकटेपण आपण थेट माणूस नावाच्या प्राण्याच्या खाती जमा करून टाकलं. सत्यजित राय यांचा फेलूदा चुलतभावाला घेऊन गुन्हे उकलत फिरतो. त्याचं लग्नाचं राहिलंच का, असं विचारणारा वाचक मला अजून भेटायचा आहे.

'कोसला'च्या दोन वर्षं आधी, 1961 मध्ये, हिंदीत उषा प्रियंवदा यांची 'पचपन खंभे लाल दीवारें' आली. सुषमा दिल्लीत मुलींच्या कॉलेजात शिकवते, तिथल्याच होस्टेलची वॉर्डन आहे, तिशी उलटलेली आहे. आयुष्य हातातून निसटतंय ही जाणीव तिलाही पोखरते. पण या कादंबरीची ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात 'अविवाहित नोकरदार स्त्रीची घुसमट' येते. याचा सगळा दोष ओळख करून देणाऱ्यांचा नाही. कादंबरीच तशी बांधलेली आहे. सुषमाने लग्न का केलं नाही, हे आपल्याला वारंवार समजावून दिलं जातं: घर तिच्या पगारावर चालतं, धाकटी भावंडं मार्गी लागायची आहेत. तिच्याहून वयाने लहान असलेला नील तिच्यावर प्रेम करतो आणि ती त्याला परत पाठवते. सुषमा काय शिकवते, तिला कुठला विषय मनापासून आवडतो, रविवारी दार लावून घेतल्यावर ती काय करते, हे आपल्याला फारसं कळत नाही.

भारतीय कथा-कादंबरीने एकट्या बाईला प्रवेश कधीच नाकारला नाही. उलट तिच्यावाचून आपली कादंबरी सुरूच झाली नसती. अट एवढीच, की आधी कारण सांगा. नवरा गेला, नवऱ्याने टाकली, हुंडा जमला नाही, घर चालवायचं होतं, प्रेमात फसली, चळवळीत पडली. यातला एखादा रकाना भरल्याशिवाय तिला पुढच्या पानावर जाता येत नाही. कारण सांगण्यात काही वाईट नाही. माणसाच्या आयुष्यात कारणं असतातच. पण या कारणाने इतकी जागा खाल्ली, की ती बाई सकाळपासून रात्रीपर्यंत जगते कशी हे लिहायचंच राहून गेलं. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

सुरुवातीला दुसरा पर्यायही नव्हता. बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' 1857 चं, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षीचं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, मग स्वतः विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुन्हा संसार मांडते. मराठी कादंबरीचा आरंभच असा विधवेपासून झाला, कारण ज्या घरांत ही पुस्तकं लिहिली आणि वाचली जात होती तिथे वयात आलेली अविवाहित मुलगी हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. 1891 मध्ये सरकारने संमतिवय दहावरून बारा केलं तेव्हा केवढं वादळ उठलं! जिथे मुलीला न्हाण येण्याआधी उजवायची, तिथे पुरुषाविना प्रौढ बाई म्हणजे विधवाच. आणि तीही ठरावीक जातींतली. बाकीच्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत होता, म्होतूर होत होतं, म्हणजे तिचं पुन्हा लग्न होत होतं. तिथल्या बाईचं दुःख निराळं होतं आणि ते लिहिणारं कुणी नव्हतं. केशवपन झालेली, आलवण नेसलेली विधवा ही मूठभर जातींची गोष्ट होती. पण छापखाने त्यांच्याकडे, मासिकं त्यांची आणि वाचकही तेच, म्हणून ती अख्ख्या भारतीय स्त्रीची गोष्ट होऊन बसली.

बंगालीत बघा. बंकिमचंद्रांच्या 'विषवृक्षा'तली कुंदनंदिनी विष घेते, 'कृष्णकांतेर उइल'मधल्या रोहिणीला गोविंदलाल गोळी घालतो. दोघी विधवा, दोघींनी प्रेम करण्याचं धाडस केलं. टागोरांची विनोदिनी या दोघींपेक्षा कितीतरी हुशार, इंग्रजी शिकलेली, वासनेला न लाजणारी. 1903 च्या 'चोखेर बाली'त ती सगळं घर हलवून सोडते आणि शेवटी काशीला रवाना होते. या शेवटाबद्दल पुढे टागोरांनी स्वतःच खंत व्यक्त केली. विष, गोळी, काशी. लेखकांची मनं मोठी होती, पण बाईचं करायचं काय हे त्यांनाही कळत नव्हतं.

हरिभाऊ आपट्यांची गोष्ट जरा वेगळी. 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मध्ये क्रमशः आली ती नायिका यमूच्याच तोंडून, प्रथमपुरुषी. एका पुरुषाने त्या काळात बाईचा आवाज इतका अचूक धरावा, याचं आश्चर्य आजही ओसरत नाही. ती पुन्हा वाचताना मला एक गोष्ट खटकते. यमूचं रोजचं जगणं सगळ्यात भरभरून येतं ते मुंबईच्या बिऱ्हाडात, नवरा जिवंत असताना: नवराबायकोचं वाचन, गप्पा, वडीलधाऱ्यांपासून सुटलेला मोकळा श्वास. नवरा गेला आणि कादंबरीतले दिवसच संपले. त्यापुढे फक्त छळ आहे, सासरचे शंकरमामंजी आहेत, जबरदस्तीचं केशवपन आहे आणि मरण आहे. हरिभाऊंना समाजाला हलवायचं होतं आणि त्यांनी हलवलंही, त्याबद्दल वाद नाही. पण यमू एकटी झाली त्या क्षणापासून ती व्यक्ती कमी आणि पुरावा जास्त झाली.

मग आला पगार. कर्व्यांचा आश्रम 1896 चा, महिला विद्यापीठ 1916 चं. मास्तरीण आणि नर्स या दोन नोकऱ्यांनी महाराष्ट्रात एक अशी बाई निर्माण केली, जी विधवा नव्हती, विवाहित नव्हती आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे आणत होती. ही बाई साहित्यात आली ती 1933 साली, विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मधून. गहजब झाला. टोपणनावामागे कोण आहे याचा शोध सुरू झाला. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. तेव्हा अविवाहित आणि शिक्षिका. शिकलेल्या, मिळवत्या मुलीला शरीर असतं, तिला इच्छा होतात आणि तिच्या पगाराची सवय लागलेलं घर तिच्या लग्नाचा विषय हळूच पुढे ढकलत राहतं, हे त्या कथांनी चारचौघांत बोलून दाखवलं. तेव्हाच्या वाचकांना सगळ्यात झोंबलं ते यातलं काय असेल? मला वाटतं, शरीर नव्हे. शरीराबद्दल ओरडणं सोपं होतं. पगाराबद्दलचं वाक्य घरोघरी लागू पडत होतं.

कारण ते खरंच होतं, आणि पुढे साठ-सत्तर वर्षं भारतीय कादंबरी याच घराच्या दारात उभी राहिली. फाळणीनंतरच्या बंगालमधलं निर्वासित कुटुंब घ्या. शक्तिपद राजगुरू यांच्या कादंबरीवर ऋत्विक घटकांनी 1960 मध्ये 'मेघे ढाका तारा' केला. थोरल्या मुलीच्या, नीताच्या हाती पैसे येतात त्या दिवशी घरात मागण्यांची रांग लागते: बहिणीला साडी, धाकट्या भावाला फुटबॉलचे बूट. तिची स्वतःची चप्पल तुटलेली असते आणि ती तशीच पाय ओढत चालते. नीताचा मित्र धाकट्या बहिणीकडे वळतोय हे आईला दिसतं आणि आई ते होऊ देते. धाकटी लग्न होऊन गेली तर घरातलं एक तोंड कमी होईल. थोरली गेली तर चूल विझेल. आईचं हे गणित दुष्टपणाचं नाही, म्हणूनच ते जास्त भयंकर आहे. एवढं लख्ख अर्थशास्त्र आपल्या साहित्यात क्वचित आलं असेल.

आणि नेमकं इथेच माझं आपल्या लेखकांशी बिनसतं. मिळवती अविवाहित मुलगी ही घराची पेन्शन आहे, हे त्यांनी शोधून काढलं खरं. पण लगेच त्यावर त्यागाची शाल पांघरली. एकटेपणाला त्याग म्हटलं की सगळेच सुटतात. घर सुटतं, वाचक डोळे पुसून सुटतो आणि तिला हे आयुष्य कदाचित थोडंफार आवडतही असेल, ही अवघड शंका तर कुणाच्या मनातही येत नाही.

ही शंका इंग्रजीत एका कादंबरीने फार नेमकी पकडली. अनिता देसाई यांची 'क्लिअर लाइट ऑफ डे' 1980 ची. जुन्या दिल्लीतलं पडकं होत चाललेलं घर, त्यात इतिहासाची प्राध्यापिका बिम आणि तिचा मंद बुद्धीचा धाकटा भाऊ बाबा. तरुणपणी तिच्या आजारी मोठ्या भावावर उपचार करणारे डॉक्टर बिस्वास तिच्यात गुंतलेले असतात. ती प्रतिसाद देत नाही. एक दिवस त्यांच्या डोक्यात उजेड पडतो आणि ते तिला सांगतात, की आता मला कळलं तुम्ही लग्न का करत नाही. तुम्ही आजारी भावासाठी, म्हाताऱ्या मावशीसाठी, परावलंबी धाकट्यासाठी आयुष्य वाहिलंय. बिम संतापते. तिला अपमान वाटतो तो नकाराचं श्रेय असं भलत्याच गोष्टीला दिल्याचा. भल्या माणसाने केलेली ती स्तुती आहे, आणि तिच्यातून बिमच्या हातून तिचा निर्णयच काढून घेतला जातो. डॉक्टर बिस्वास म्हणजे आपली सगळी भारतीय कादंबरी, असं मला हा प्रसंग वाचताना दर वेळी वाटतं. सहानुभूतीने ओथंबलेली, आणि ऐकून न घेणारी.

मराठीत हा संताप ज्या पुस्तकात सगळ्यात स्वच्छ आला ते म्हणजे शांता गोखले यांचं 'रीटा वेलिणकर', 1990 चं. रीटा कोवळ्या वयापासून आईवडिलांचं आणि बहिणींचं घर ओढते आहे. ऑफिसात वरच्या जागेवर असलेल्या, संसारी साळवीशी तिचं वर्षानुवर्षं नातं आहे आणि त्या नात्यातही तिच्या वाट्याला उरलेसुरले तास येतात. कादंबरी सुरू होते तेव्हा ती मनाने कोसळून रुग्णालयात पडलेली आहे. शांताबाई इथे त्यागाचा हिशोब मांडतात तो अगदी वाण्याच्या वहीसारखा: कुणी किती घेतलं, कशाच्या नावाखाली घेतलं, आणि रीटाने स्वतः त्यातून काय मिळवलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कर्तेपणाची एक नशा असते, आपल्यावाचून कुणाचं अडतंय यात सुख असतं, आणि रीटाला ते कळतं. साळवीशी लग्न हे या कादंबरीचं उत्तर नाही. तिची मैत्रीण सरस्वती तिच्या उशाशी बसलेली असते, तिथे उत्तराचा काही भाग असावा. दोन बायकांच्या मैत्रीला एवढी जागा आपल्याकडे क्वचितच मिळते.

अनिता नायर यांच्या 'लेडीज कूपे'त (2001) अखिलांडेश्वरी पंचेचाळीस वर्षांची आहे, आयकर खात्यात कारकून आहे. बाप गेला तेव्हा त्याच्या जागी तिला चिकटवलं गेलं आणि मग भाऊ शिकले, बहीण उजवली. कादंबरीची चौकट मला थोडी बेतीव वाटते. आगगाडीच्या डब्यात एकेक बाई आपली कहाणी सांगते, ठरवून दिल्यासारखी. पण एक प्रसंग मी विसरू शकत नाही. अखिला तमिळ ब्राह्मण. ऑफिसातली मैत्रीण कॅथरिन डब्यात उकडलेलं अंडं आणते. अखिला ते बघते, विचारते, चाखते आणि तिला ते आवडतं. बस एवढंच. ना प्रियकर, ना बंड, ना भाषण. चाळिशीकडे निघालेल्या एका कारकून बाईला पहिल्यांदा स्वतःच्या जिभेची एक आवड सापडते. मला एकट्या बाईच्या गोष्टीत हे हवं असतं. अर्थात नायर यांनाही शेवटी धीर निघत नाही. कन्याकुमारीला पोचलेली अखिला अखेरीस तिने कधीकाळी सोडून दिलेल्या हरीला फोन लावते. नुसतं अंडं पुरलं नाही.

इथे कुणी म्हणेल, की कारणाशिवाय गोष्ट होतच नाही. संघर्ष हवा, अडचण हवी. मान्य. पण पांडुरंग सांगवीकरला चालतं ते इतरांना का चालू नये? आणि मराठीत ते करून दाखवणारी लेखिका होऊन गेली आहे. कमल देसाई स्वतः अविवाहित, कॉलेजात मराठी शिकवायच्या. 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई' हे 1975 चं पुस्तक. त्यातली बाई हॅट घालते आणि तिला सिनेमा काढायचा असतो. का, तिला कुणी टाकलं का, तिला दुःख कोणतं, याची विचारपूस लेखिका करत नाही. आपण या लेखनावर दुर्बोधतेचा शिक्का मारला. त्यात अवघड भाग नाही असं नाही. पण माझा संशय असा आहे, की वाचकाला बऱ्याच अंशी अवघड गेलं ते कारण न मिळणं. हॅट घातलेल्या पुरुषाला सिनेमा काढायचा असता तर आपण पान उलटून पुढे गेलो असतो.

गौरी देशपांडे यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय मराठीत पुरा होत नाही. त्यांच्या नायिकांनी प्रेम, शरीर, लग्न याबद्दल मराठी मध्यमवर्गाला जी मोकळी हवा दिली तिचं मोल मोठं आहे. तरी त्या नायिका फार वेळ एकट्या नसतात. कुणीतरी समंजस, उमदा पुरुष वाद घालायला, समजून घ्यायला, निदान सोडून जायला तरी हजर असतो. आणि पैशाची चिंता बहुधा दाराबाहेर उभी असते. मेघना पेठे, सानिया यांच्या कथांत एकटं राहणं अधिक खरखरीत आहे. तिथे फ्लॅट, नोकरी, शेजारी आणि संध्याकाळ या सगळ्यांशी झटापट चालते.

पण फ्लॅट हा शब्द आला की माझं मन खट्टू होतं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकट्या स्त्रिया देशात सात कोटींहून जास्त भरल्या. त्यातल्या कितीजणींकडे फ्लॅट असेल? बहुसंख्य विधवा आहेत, आणि खेड्यांत आहेत. आपल्या ग्रामीण कथेत त्या भेटतात त्या माहेरी परत आलेली आत्या म्हणून, नायकाला लहानपणी भाकरी करून घालणारी. नायक शहरात गेला की ती मरते. तिच्या नावावर सातबारा असतो का? भावाने हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं? नवऱ्याने टाकलेल्या बाईला वेगळं रेशनकार्ड काढायला तलाठ्याकडे किती खेपा पडतात? यातल्या एकेका प्रश्नात एकेक कादंबरी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि वर्तमानपत्रं भरून गेली. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यापलीकडे त्या बायकांचा उरलेला दिवस कसा असतो, हे कळायला मराठी कथेकडे गेलं तर हाती फार थोडं लागतं. कविता महाजनांच्या 'ब्र'मध्ये (2005) प्रफुल्ला नवऱ्यापासून दूर झालेली आहे आणि आदिवासी भागातल्या बाई सरपंचांमध्ये फिरते. पुस्तक धाडसाचं आहे, माहितीने ठासून भरलेलं आहे. तरी त्या सरपंच बायका आपल्याला दिसतात त्या प्रफुल्लाच्या नजरेतून. ही उणीव मराठीत आत्मकथनांनी भरून काढली. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर घर सोडणाऱ्या शांताबाई कांबळे, सोलापूरकडच्या प्राथमिक शिक्षिका, 'माज्या जल्माची चित्तरकथा'मध्ये खाणं, शाळा, बदली, पगार हे सगळं सरळ सांगत जातात. कादंबरीला जे रचावं लागलं असतं ते त्यांना फक्त आठवावं लागलं, असं कुणी म्हणेल. पण काय आठवण्यासारखं आहे हे ठरवणंही लेखकाचंच काम.

कन्नडमध्ये एम. के. इंदिरा यांनी 'फणियम्मा' लिहिली, त्यावर प्रेमा कारंत यांनी 1983 मध्ये चित्रपट केला. फणियम्मा बालविधवा. इथवर गोष्ट जुनीच. पण ती मरत नाही, काशीला जात नाही. ती एकशे बारा वर्षं जगते. ती सुईणीचं काम करते, अडलेल्या अस्पृश्य बाईची सुटका करायला तिच्या झोपडीत जाते, आणि पुढच्या पिढीतली एक विधवा केशवपनाला नकार देते तेव्हा ही सोवळी म्हातारी तिची बाजू घेते. वैधव्य पहिल्या काही पानांत उरकतं. उरलेली शंभर वर्षं लिहायला मोकळी राहतात.

अलीकडचं उदाहरण गीतांजलि श्री यांच्या 'रेत समाधि'चं. 2018 ची हिंदी कादंबरी, 2022 मध्ये तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. ऐंशीच्या घरातली, नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिलेली आई मुलाचं घर सोडून मुलीकडे राहायला येते. मुलगी एकटी राहणारी, स्वतंत्र, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. का, हे कादंबरी फारसं विचारत नाही. तिचा आणि घरच्यांचा जुना तंटा चार ओळींत आटोपतो. मग जे सुरू होतं ते मला फार आवडलं. स्वतःच्या शिस्तीने, स्वतःच्या वस्तूंनी रचलेलं घर, आणि त्यात आता आई, तिची काठी, तिला भेटायला येणारी माणसं, स्नानगृहातली तिची मदत, सतत वाजणारी बेल. स्वातंत्र्य मिळवलेल्या बाईची झोप उडते ती समाजामुळे नाही, आईमुळे. दोघी एकट्या बायका, एक ऐंशीची आणि एक पन्नाशीच्या आसपासची, आणि यातली मोकळी कोण हे हळूहळू उलटंपालटं होत जातं. हा भाग मी दोनदा वाचला. पुढे गोष्ट आईच्या मागे वाघा सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते, फाळणीपूर्वीच्या एका पुरुषाच्या शोधात. तोही भाग सुंदर आहे. मला मात्र मुलीच्या घरात अजून शंभरएक पानं राहायचं होतं.